‘अहवालाची नोंद घेण्यात आली’ एवढ्याने भागणार नाही

प्रति,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांचे सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक



११ ऑगस्ट २०१८ रोजी दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर पैसे निघत राहिले. व्हिसाच्या जाळ्यातून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये परदेशात गेले. रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये देशातल्याच एटीएममधून निघाले, त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटींहून अधिक. १९०६ साली स्थापन झालेल्या, सहकारात मान असलेल्या बँकेवर ही वेळ आली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही माणसे एटीएमसमोर उभी राहून पैसे काढणाऱ्या साखळीतली होती. ज्यांनी हल्ला रचला ते आपल्या कायद्याच्या हाताबाहेर आहेत आणि तसेच राहण्याची शक्यता जास्त आहे.

हे पत्र कॉसमॉसच्या संचालकांवर ठपका ठेवण्यासाठी नाही. उलट, त्या बँकेने दोन-तीन दिवसांत चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, अध्यक्ष पत्रकारांसमोर आले, आकडे सांगितले. म्हणूनच तर या प्रकरणाबद्दल आपल्याला इतके माहीत आहे. मी लिहितो आहे ते आपल्या सगळ्यांच्या बैठकांबद्दल. मी माहिती प्रणालींचा लेखापरीक्षक आहे, आणि एका सहकारी बँकेचा सभासद व ठेवीदारही आहे. दोन्ही नात्यांनी मला एकच गोष्ट मांडायची आहे: बँकेची सायबर सुरक्षा ही संचालक मंडळाची जबाबदारी आहे. आयटी अधिकाऱ्याची नाही, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीची नाही. आपली आहे, आणि कायदाही आता तेच म्हणतो.

कॉसमॉसची चोरी कशी झाली ते थोडे तपशिलात सांगतो, कारण संचालकाने समजून घेण्याजोगी गोष्ट त्यातच आहे. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा त्याची मागणी व्हिसा किंवा रुपे कार्डे चालवणाऱ्या एनपीसीआयच्या जाळ्यातून बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. स्विच ती कोअर बँकिंग प्रणालीपर्यंत नेतो, खाते आणि शिल्लक तपासली जाते, आणि होकार किंवा नकार त्याच वाटेने परत जातो. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून स्वतःचा एक बनावट स्विच उभा केला. बाहेरून येणाऱ्या मागण्या त्याच्याकडे वळल्या आणि त्याने त्या परस्पर मंजूर केल्या. कोअर बँकिंगला कोणी विचारलेच नाही. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लक हलली नाही. गेले ते बँकेचे, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या संस्थेचे पैसे.

तंत्र गुंतागुंतीचे आहे. पण त्यातून संचालकाने विचारायचे प्रश्न साधे आहेत. स्विचने दिलेले होकार आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी यांचा ताळमेळ किती वेळाने घातला जातो? एका तासात परदेशातून नेहमीच्या कितीतरी पट मागण्या आल्या, तर कोणाच्या फोनवर इशारा जातो? ती व्यक्ती दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी फोन उचलते का? स्विच बंद करण्याचा अधिकार तिला आहे का, की आधी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, मग अध्यक्षांना शोधावे लागते? स्विफ्टचा संदेश एकाच माणसाच्या लॉगिनवर बाहेर जाऊ शकतो का? शनिवारी एटीएममधून आणि सोमवारी स्विफ्टमधून, असे दोन टप्प्यांत पैसे गेले. संकट आले की कोणती यंत्रणा कोणी आणि कोणत्या क्रमाने थांबवायची, हे आधीच कागदावर ठरलेले असावे लागते, हा धडा मला त्या दोन तारखांमधल्या अंतरात दिसतो.

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राच्या पुस्तकात नाही. ती उत्तरे अधिकार, पैसा आणि माणसे यांची आहेत, आणि या तिन्ही गोष्टींवर मंजुरीची सही आपली असते.

आता आपल्या बैठकांकडे येतो. लेखापरीक्षणासाठी मला इतिवृत्ते वाचावी लागतात. पंधरा लाखांच्या कर्जप्रकरणावर आपण किती बारकाईने बोलता, हे त्यात दिसते. जामीनदार कोण, तारणाचे मूल्यांकन कोणी केले, सातबाऱ्यावर आधीचा बोजा आहे का, दुकान कोणत्या पेठेत आहे आणि तिथला धंदा बसला आहे का. संचालकांना गाव माहीत असते, माणसे माहीत असतात, आणि त्या माहितीचा बँकेला खरोखर फायदा होतो. त्याच इतिवृत्तात पुढच्या पानावर ओळ असते: ‘माहिती प्रणाली व सायबर सुरक्षा लेखापरीक्षण अहवाल सादर करण्यात आला. अवलोकन करून नोंद घेण्यात आली.’ ना चर्चा, ना खर्चाला मंजुरी, ना तारीख, ना जबाबदार व्यक्तीचे नाव. पुढच्या वर्षी अहवालात तेच मुद्दे पुन्हा येतात, शब्दही तेच, आणि इतिवृत्तातली ओळही तीच. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन अजून चालू आहे, सर्व्हरवर निर्मात्या कंपनीने आधार बंद केलेली जुनी प्रणाली आहे, प्रशासकाचा पासवर्ड चौघांना माहीत आहे. हे दोष शोधण्यासाठी कोणी तज्ज्ञ लागत नाही. ते दुरुस्त करण्यासाठी मात्र वरून कोणीतरी ‘अमुक तारखेपर्यंत झाले पाहिजे’ असे म्हणावे लागते.

आणि ज्याच्यावर आपण हे सारे सोपवतो, त्या माणसाची स्थिती पाहा. छोट्या बँकेत आयटी अधिकारी बहुधा एकटा असतो. पासबुक प्रिंटर अडकला की त्याला हाक, शाखेची लाइन गेली की त्याला हाक, एटीएम बंद पडले की त्याला हाक, रिझर्व्ह बँकेला विवरणपत्र भरायचे तर तोच. फायरवॉलच्या नोंदी तो कधी पाहणार? नव्या फायरवॉलसाठी त्याने दिलेला प्रस्ताव दोन तिमाह्या ‘पुढील सभेत विचार’ या शेऱ्याखाली पडून असतो. आणि ज्या दिवशी घटना घडते, त्या दिवशी निलंबनाचे पहिले पत्र त्याच्या हातात पडते. हे मी पाहिले आहे आणि ते मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ज्याच्याकडे पैसा खर्च करण्याचा, माणूस नेमण्याचा आणि एखादी सेवा थांबवण्याचा अधिकार नाही, त्याच्याकडे जबाबदारी असूच शकत नाही.

ही जबाबदारी संचालक मंडळाची आहे, हे रिझर्व्ह बँकेने फार पूर्वी स्पष्ट केले आहे. कॉसमॉसच्या घटनेनंतर साधारण दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ला, नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली. संचालक मंडळाने मंजूर केलेले, माहिती तंत्रज्ञान धोरणापेक्षा वेगळे असे सायबर सुरक्षा धोरण प्रत्येक बँकेकडे असले पाहिजे, हे त्यात सांगितले. ३१ डिसेंबर २०१९ला सविस्तर चौकट आली आणि बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरले. पहिल्या स्तराच्या अपेक्षा अगदी लहान बँकेलाही लागू आहेत: बँकेच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल, कोअर बँकिंगमध्ये शिरताना पासवर्डशिवाय दुसरी, दर वेळी बदलणारी खूण, पासवर्डचे धोरण, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, पात्र लेखापरीक्षकाकडून तपासणी. स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्ट जोडणी असेल तर वरचा स्तर आणि जास्त अपेक्षा. त्याच परिपत्रकात हेही म्हटले आहे की बँकेच्या माहितीच्या सुरक्षेची अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची आहे. संचालकांना पाठवलेल्या परिपत्रकांच्या गठ्ठ्यातून ते एकच परिपत्रक काढून मुळातून वाचा, अशी माझी विनंती आहे. संध्याकाळच्या एका बैठकीत वाचून होते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याहून पुढे जातो. त्यातले कलम ८५ संस्थांबद्दल आहे. संस्थेकडून या कायद्याचा किंवा त्याखालच्या नियम-निर्देशांचा भंग झाला, तर त्या वेळी संस्थेच्या कामकाजाची धुरा ज्यांच्याकडे होती ते सगळे दोषी धरले जातात. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण सर्व योग्य ती दक्षता घेतली होती, हे त्यांनी सिद्ध करायचे असते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात संचालकाची संमती, संगनमत किंवा हयगय असेल तर तो संचालकही दोषी धरला जाईल असे लिहिले आहे. हयगयीचा उल्लेख मुद्दाम वेगळा केलेला आहे. आणि ‘कंपनी’च्या व्याख्येत निगम संस्था आणि व्यक्तींचे संघ येतात, म्हणजे सहकारी बँक त्यातून सुटत नाही. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. बँकेवर हल्ला झाला म्हणून बँक गुन्हेगार ठरत नाही. पण कायद्याने घातलेले कर्तव्य बँकेने पाळले नाही, तर तो भंग बँकेचा असतो. उदाहरणार्थ, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. ते न पाळल्यास कैदेची तरतूद आहे. शनिवारी रात्री दहाला घटना लक्षात आली, तर मुदत पहाटे चारला संपते. त्या सहा तासांत कोण कोणाला कळवणार, हे आपल्या बँकेत लिहून ठेवलेले आहे का?

यात नवी भर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची आहे. तो ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. ग्राहकाचे आधार, पॅन, फोटो, उत्पन्नाचे दाखले, सोन्याच्या तारणाचा तपशील हे सारे आपल्याकडे आहे. ते जपण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहिती फुटल्यावर माहिती संरक्षण मंडळाला व संबंधित ग्राहकांना कळवले नाही तर २०० कोटींपर्यंत. कमाल आकडे आहेत, प्रत्येक बँकेला एवढा दंड होणार नाही, हे मला कळते. पण या दंडाबद्दल मला वेगळीच चिंता आहे. तो बँकेला होतो. म्हणजे तो नफ्यातून जातो, लाभांशातून जातो, शेवटी सभासदाच्या खिशातून जातो.

हैदराबादच्या महेश सहकारी बँकेचे उदाहरण पाहा. जानेवारी २०२२मध्ये हल्लेखोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून सुमारे १२ कोटी रुपये आधी त्याच बँकेतल्या काही खात्यांत आणि तिथून देशभरच्या शेकडो खात्यांत पांगवले. कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ई-मेलमधून शिरकाव झाल्याचे पोलीस तपासात पुढे आले. त्यानंतर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने सायबर सुरक्षेच्या निर्देशांचे पालन न केल्याबद्दल त्या बँकेला ६५ लाख रुपयांचा दंड केला. दंड योग्यच होता असे माझे मत आहे. पण चोरीचा फटका सभासदांना बसला आणि हयगयीचा दंडही सभासदांनीच भरला, हेही खरे आहे. ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांना वैयक्तिक झळ लागल्याशिवाय या साखळीत काहीही बदलणार नाही.

आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात त्यासाठी वाट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, मधले कलम ८८ आपल्याला चांगले माहीत आहे. संस्थेच्या पैशाचा गैरवापर, गैरवर्तन किंवा विश्वासघात करणाऱ्याकडून नुकसान वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. आजवर ती बुडीत कर्जांच्या प्रकरणांत वापरली गेली. तारण नसताना कर्ज दिले म्हणून संचालकांच्या घरावर जप्तीची नोटीस लागल्याचे आपण पाहिले आहे. मग सलग तीन वर्षे लेखापरीक्षकाने लेखी सांगितलेला दोष ‘नोंद घेऊन’ तसाच ठेवला आणि त्याच दोषातून बँकेचे कोट्यवधी रुपये गेले, तर ते गैरवर्तन का मानू नये? मला तरी त्यात फरक दिसत नाही. उद्या एखादा सभासद हाच प्रश्न घेऊन निबंधकांकडे गेला, तर तो बरोबर असेल.

युरोपीय संघाने ही गोष्ट सरळ कायद्यात लिहून टाकली. ‘एनआयएस-२’ या निर्देशाच्या कलम २०नुसार सुरक्षेच्या उपाययोजनांना व्यवस्थापन मंडळानेच मंजुरी द्यायची, अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचे, मंडळाच्या सदस्यांनी स्वतः प्रशिक्षण घ्यायचे, आणि चूक झाली तर त्यांना जबाबदार धरता येईल. आपल्याकडे हीच तत्त्वे तीन-चार कायद्यांत आणि परिपत्रकांत विखुरलेली आहेत. ती एकत्र यावीत, संचालकांच्या प्रशिक्षणाची सक्ती व्हावी, असे मला वाटते. पण त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही, आजचा कायदाही पुरेसा आहे.

आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, ‘आम्ही डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, आम्हाला यातले काय कळते? व्हेंडर बघतो.’ यातल्या दोन्ही वाक्यांवर मला बोलायचे आहे.

आधी व्हेंडर. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने त्या कंपनीला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यापासून तोडले, आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. हल्ला या बँकांवर नव्हता, त्यांच्या पुरवठादारावर होता. तरी ग्राहक त्यांच्याच काउंटरवर येऊन उभा राहिला, कारण त्याचे खाते तिथे होते. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. व्हेंडरच्या कराराची फाइल मागवून पाहा. घटना घडल्यावर तो किती तासांत कळवणार, त्याच्या यंत्रणेची तपासणी करण्याचा हक्क आपल्याला आहे का, त्याची माणसे आपल्या सर्व्हरवर कुठून आणि कोणाच्या परवानगीने लॉगिन करतात, त्याने हे काम आणखी कोणाला दिले आहे का, करार संपल्यावर आपल्या ग्राहकांची माहिती तो परत करणार की स्वतःकडे ठेवणार? पुष्कळ करारांत याबद्दल अवाक्षर नसते. दर, मुदत आणि वार्षिक देखभाल शुल्क मात्र पान भरून असते.

आता ‘आम्हाला कळत नाही’. तुम्हाला प्रोग्रॅम लिहायला कोणी सांगत नाही. साखर कारखान्याला कर्ज देताना बॉयलरचे अभियांत्रिकी शिकून येत नाही, तरी प्रकल्प अहवालावर प्रश्न विचारता आणि उत्तर पटले नाही तर प्रकरण परत पाठवता. हाच शहाणपणा इथे वापरा. शिवाय सहकारी बँकांच्या संचालकांचा कमाल कार्यकाळ आता आठवरून दहा वर्षांवर गेला आहे. ऑगस्ट २०२५पासून ती तरतूद लागू आहे. दहा वर्षे ठेवीदारांच्या पैशावर निर्णय घेणाऱ्याने या विषयाची मुळाक्षरे शिकायला वेळ नाही म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. पुण्याला सहकाराचे प्रशिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था आहे, रिझर्व्ह बँक कार्यशाळा घेते, जिल्हा संघटना वर्ग भरवतात. या वर्गांना स्वतः जा. प्रतिनिधी म्हणून शाखाधिकाऱ्याला पाठवू नका.

एका विषयावर मात्र मला जास्त आग्रह धरायचा आहे, तो म्हणजे बॅकअप. रॅन्समवेअरच्या हल्ल्यात बँकेची सारी माहिती कुलूपबंद होते आणि चावीसाठी खंडणी मागितली जाते. खंडणी न देता उभे राहण्याचा मार्ग एकच, शाबूत बॅकअप. बॅकअप घेतला जातो, हे प्रत्येक बँक सांगते. तो परत चढवून पाहिला का, असे विचारले की उत्तरे बदलतात. कधी बॅकअपची यंत्रणा मूळ यंत्रणेलाच जोडलेली असते, म्हणजे हल्ला झाला तर दोन्ही एकदम जातील. कधी पर्यायी केंद्राचा सराव झाल्याचे प्रमाणपत्र असते, पण प्रत्यक्षात एक सर्व्हर अर्धा तास चालू करून बंद केलेला असतो. पूर्ण दिवसाचे व्यवहार त्या केंद्रावरून कधीच चाललेले नसतात. कधी बॅकअपची फाइल उघडतच नाही आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आलेले नसते. पुढच्या बैठकीत आपण एवढेच म्हणा: ‘आमच्यातल्या दोन संचालकांसमोर, आम्ही निवडलेल्या तारखेचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर चढवून दाखवा आणि लागलेला वेळ इतिवृत्तात लिहा.’ यासाठी फारसा खर्च नाही. त्या एका दुपारी आपल्या बँकेच्या तयारीबद्दल जे कळेल, ते जाडजूड अहवालांतून कळणार नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही पाहा. डिसेंबर २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार सहकारी बँकेच्या ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या संमतीशिवाय इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, चूक त्रयस्थाची असली आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही बोजा येत नाही. बँकेच्या हयगयीने पैसे गेले असतील तर त्याने कळवले काय न कळवले काय, तो मोकळा असतो. ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. आणि तरीही निवृत्तीवेतनाचे पैसे गेलेल्या वृद्ध माणसाला आधी विचारले जाते, ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’. त्याला सायबर पोलिसांकडे धाडले जाते, अर्जाची पोचही मिळत नाही. सहकारी बँकेत तो ओळखीची माणसे आहेत म्हणून आला होता. मोठ्या बँकेपेक्षा आपल्याकडे त्याला अधिक न्याय मिळायला हवा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. चार शाखांच्या बँकेला चोवीस तास लक्ष ठेवणारे केंद्र स्वतःचे उभारता येणार नाही, हे मान्य. पण म्हणून एकट्यानेच झगडण्याचीही गरज नाही. मार्च २०२४मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था सुरू झाली, ती अशा सामायिक तंत्रसेवांसाठीच आहे. एका जिल्ह्यातल्या आठ-दहा बँकांनी मिळून देखरेखीची सेवा घ्यावी, एक सामायिक सुरक्षा अधिकारी नेमावा. सहकार म्हणजे तरी वेगळे काय? आणि काही गोष्टींना पैसा लागतच नाही. गेलेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करणे फुकट आहे. ई-मेल आणि संकेतस्थळाबाबत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्याची मुदत दिली होती. आपली बँक गेली का, आणि त्यानंतरही एखादी शाखा जुन्या जीमेलवरून ग्राहकांशी पत्रव्यवहार करते आहे का, हे विचारायला एक फोन पुरतो.

शेवटचा मुद्दा लपवाछपवीचा. ‘बाहेर कळले तर ठेवी निघतील’ या भीतीने घटना दाबल्या जातात. फिर्याद होत नाही, शेजारच्या बँकेला इशारा मिळत नाही, आणि त्याच पद्धतीने पुढचा हल्ला होतो. ही भीती मला समजते. राज्याने रुपी बँकेचे आणि पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आलेले पाहिले आहेत. पण पीएमसीत ठेवीदारांचे नुकसान खरे कळल्यामुळे झाले नाही, खरे वर्षानुवर्षे बनावट कर्जखात्यांमागे लपवल्यामुळे झाले. ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे रुपये बँक बुडाल्यावर किंवा तिच्यावर निर्बंध आल्यावर मिळतात, रोजच्या विश्वासाची भरपाई त्यातून होत नाही. उलट कॉसमॉसने आकड्यांसह सांगितले आणि ती बँक आजही उभी आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या मासिक सभेत सायबर सुरक्षा हा विषय ऐनवेळच्या विषयांत न टाकता कर्जप्रकरणांच्या आधी घ्या. सुरक्षा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आयटी प्रमुखाच्या हाताखालून काढा आणि थेट आपल्यासमोर बसवून बोलू द्या. अहवालातला प्रत्येक प्रलंबित मुद्दा खर्च, तारीख आणि जबाबदार व्यक्तीच्या नावासह ठरावात लिहा. जो मुद्दा आपण सोडून देणार असाल, तो का सोडला हेही लिहा आणि त्याखाली सह्या करा. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात ढोबळ थकबाकीच्या आकड्याशेजारी एक परिच्छेद द्या: वर्षभरात कोणत्या सायबर घटना घडल्या, लेखापरीक्षणातले किती मुद्दे उघडे आहेत, बॅकअपची चाचणी कधी झाली. आपण दिला नाही, तर मी आणि माझ्यासारखे सभासद त्या सभेत उभे राहून तो मागू, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरू. वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाला माझी विनंती आहे की त्याने आपल्या बँकेत हेच करावे.



आपला,
एक सभासद, ठेवीदार आणि माहिती प्रणाली लेखापरीक्षक